सूतिकेच्या मनाची प्रश्नपरीक्षा

बाळंतीण वैद्याकडे येते ती बहुधा मनाची तक्रार घेऊन येत नाही. दूध कमी येते, कंबर धरते, अन्नावर वासना नाही, झोप लागत नाही, अंगात त्राण राहिले नाही, अशा तक्रारी ती सांगते. पुष्कळदा त्याही ती स्वतः सांगत नाही. सोबत आलेली आई किंवा सासूबाई सांगतात आणि ती मान खाली घालून बाळाचे दुपटे नीट करीत बसते. आपण नाडी पाहतो, जिव्हा पाहतो, मलमूत्राची चौकशी करतो, शतावरी कल्प किंवा दशमूलारिष्ट लिहून देतो आणि पुढील रुग्ण आत येतो. या दहा मिनिटांत एक प्रश्न विचारायचा राहून जातो. तो प्रश्न कोणता, तो केव्हा व कसा विचारावा आणि उत्तर मिळाल्यावर काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रारंभीच आमच्या हातून घडलेली एक चूक नमूद करणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली एक तरुणी पाचव्या आठवड्यात आमच्याकडे आली. तक्रार स्तन्याल्पतेची होती. शतावरी, जीरक आणि आहाराच्या सूचना देऊन आम्ही तिला पाठविले. दहा दिवसांनी ती पुन्हा आली. आता झोपेचीही तक्रार होती. वातप्रकोप गृहीत धरून आम्ही अभ्यंगाचा आग्रह धरला. तिसऱ्या वेळी तिची आई एकटीच औषध न्यायला आली आणि निघता निघता दारात थांबून म्हणाली, “ती बाळाकडे बघतसुद्धा नाही हो. तिला एकटी सोडायची आम्हाला भीती वाटते.” त्याच दिवशी तिला मनोविकारतज्ज्ञांकडे नेण्याची व्यवस्था झाली, योग्य उपचार मिळाले आणि काही महिन्यांत ती पूर्ववत झाली. नंतर आम्ही तिचा केसपेपर काढून पाहिला. स्तन्य, अग्नी, मल, निद्रा, नाडी, सर्व नोंदी व्यवस्थित होत्या. मनाविषयी एक शब्दही नव्हता. ती आई दारात थांबली नसती तर काय झाले असते, हा विचार आजही अस्वस्थ करतो.

सूतिकावस्था व मन : संहितांचा आधार

आपल्या शास्त्राने सूतिकेकडे सामान्य रुग्णाप्रमाणे कधीच पाहिलेले नाही. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात सूतिकेचे व्याधी कष्टसाध्य किंवा असाध्य का होतात, याची मीमांसा केली आहे. गर्भाच्या वाढीमुळे शिथिल झालेले धातू, प्रवाहणाच्या वेदना आणि क्लेद व रक्त यांचा स्राव यांमुळे ती शून्यशरीर झालेली असते. काश्यपसंहितेने सूतिकारोगांची संख्या चौसष्ट सांगितली आहे. सूतिकाकाल सुश्रुताचार्यांच्या मते दीड महिन्याचा, तर काश्यपमतानुसार सहा महिन्यांचा आहे. आपल्याकडील ‘सव्वा महिना’ पहिल्या मताच्या जवळचा; परंतु मनाचा विचार करता काश्यपांची मर्यादाच अधिक उपयुक्त ठरते, हे पुढे दिसून येईल.

मनाच्या संदर्भात तीन स्थळे विशेष लक्षात घेण्यासारखी आहेत. चरकसूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायातील ऐंशी वातविकारांत विषादाची गणना आहे. पंचविसाव्या अध्यायातील अग्र्य भावांच्या यादीत, रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे. तिसरे स्थळ व्यवहारात सर्वांत मोलाचे आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दहाव्या अध्यायात स्तन्यनाशाची कारणे सांगताना क्रोध व शोक यांच्याबरोबर ‘अवात्सल्य’ हे कारण दिले आहे. बाळाविषयी माया न दाटणे आणि दूध न येणे यांचा संबंध आचार्यांनी जोडला आहे. म्हणजे ‘दूध कमी येते’ ही तक्रार ऐकताच आईच्या मनाची विचारपूस करणे, हा काही बाहेरून आणलेला विचार नव्हे. तो हेतुपरीक्षणाचाच भाग आहे. स्तन्यजनन द्रव्ये देऊन हेतू तसाच ठेवला तर उपशय मिळत नाही, याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल.

तथापि एक मर्यादा पाळली पाहिजे. आधुनिक मानसशास्त्र ज्याला प्रसूतिकालीन नैराश्य म्हणते, तो संहितेतील अमुक एक व्याधीच होय, असे समीकरण मांडण्याचा मोह टाळावा. वातप्रकोप, धातुक्षय, सत्त्वाचे अवरत्व, शोकादी हेतू या चौकटीतून आपण तो समजून घेऊ शकतो. परंतु तो ओळखण्यासाठी व त्याची तीव्रता ठरविण्यासाठी आज जी साधने उपलब्ध आहेत, त्यांचा स्वीकार करण्यात कमीपणा नाही.

तीन अवस्थांमधील भेद

प्रसूतीनंतरच्या मानसिक बदलांच्या तीन अवस्था प्रथम वेगळ्या ओळखाव्या लागतात.

पहिली अवस्था प्रसवोत्तर उदासीची. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास निम्म्याहून अधिक स्त्रियांना कारण नसताना रडू येते, चिडचिड होते, मन हळवे होते. हा व्याधी नव्हे. विश्रांती, स्निग्ध उष्ण आहार आणि आपुलकीची सोबत एवढ्याने साधारणतः दोन आठवड्यांच्या आत मन पूर्वपदावर येते. बारशाच्या दिवशी डोळे पाणावलेली बाळंतीण पाहून लगेच नैराश्याचे निदान करू नये.

दुसरी अवस्था नैराश्याची. दोन आठवडे उलटूनही उदासी ओसरत नाही, किंवा काही आठवड्यांनंतर ती नव्याने सुरू होते. कशातच रस वाटत नाही. बाळ झोपले, घर शांत झाले, तरी आईला झोप लागत नाही. ‘मी चांगली आई नाही’, ‘माझ्यामुळेच सगळे बिघडले’ असा अपराधभाव मनात घर करतो. काहींमध्ये उदासीपेक्षा चिंता अधिक असते. बाळाचा श्वास चालू आहे ना, हे त्या रात्रभर उठून पाहत राहतात. काहींच्या मनात मरणाचे विचार येतात. ही अवस्था प्रसूतीनंतरच येते असे नाही. अनेकींमध्ये तिची सुरुवात गर्भिणी अवस्थेतच झालेली असते. प्रसूतीनंतर वर्षभरात केव्हाही ती उद्भवू शकते.

तिसरी अवस्था प्रसवोत्तर उन्मादाची. दर हजार प्रसूतींमागे एक ते दोन स्त्रियांमध्ये ती आढळते आणि बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत अचानक सुरू होते. झोप पूर्णपणे उडते, बोलण्यात सुसंगती राहत नाही, संशय येतो, भास होतात, बाळाविषयी विचित्र कल्पना मनात येतात. घरची मंडळी ‘बाहेरचे काही झाले’ म्हणून उतारा करू लागतात आणि मोलाचे तास वाया जातात. ही आत्ययिक अवस्था आहे. प्रश्नावली भरीत बसू नये; स्त्रीला व बाळाला क्षणभरही एकटे न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. पूर्वी उन्मादाचा किंवा द्विध्रुवीय विकाराचा झटका येऊन गेलेल्या स्त्रीमध्ये हा धोका पुष्कळ वाढतो. म्हणून गर्भिणीच्या पहिल्याच भेटीत असा पूर्ववृत्तान्त विचारून ठेवणे आवश्यक आहे.

यांखेरीज पांडुता व अवटु ग्रंथीचे विकार हे दोन सहचर विसरू नयेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. प्रसूतीनंतर अवटु ग्रंथीच्या कार्यात बिघाड झाल्यास थकवा व उदासी दोन्ही उत्पन्न होतात. अशा रुग्णेत हिमोग्लोबिन व थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. परंतु रक्तक्षय सापडला म्हणून मनाचा प्रश्न संपला, असे समजू नये.

हे प्रमाण किती?

‘आपल्याकडे एकत्र कुटुंब असते, बाळंतिणीचे लाड होतात, आपल्याकडे हे विकार होत नाहीत,’ असे अनेकदा ऐकू येते. वस्तुस्थिती निराळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये २०१७ साली भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात वीस हजारांहून अधिक मातांचा समावेश होता आणि प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के आढळले. म्हणजे दर पाच मातांपैकी एक.

आपल्या शेजारच्या गोव्यातील अभ्यास याहून बोलका आहे. डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी तेथील जिल्हा रुग्णालयात २७० गर्भिणींची नोंद करून त्यांचा पाठपुरावा केला. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्याने ग्रस्त होत्या. त्यांपैकी बहुसंख्य मातांमध्ये मानसिक त्रासाची चिन्हे गर्भिणी अवस्थेतच दिसली होती आणि निम्म्याहून अधिक माता सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. दारिद्र्य, पतीकडून होणारी मारहाण आणि मुलगी जन्मणे हे हेतू त्यात ठळकपणे पुढे आले. याच मातांच्या बाळांची सहाव्या महिन्यात तपासणी केली असता नैराश्यग्रस्त मातांच्या बाळांचे वजन व लांबी कमी असण्याचे प्रमाण अधिक आढळले. बाळाचे वजन वाढत नाही म्हणून आपण बाळाला औषध देतो. पण त्याचे मूळ कधी कधी आईच्या मनात असते.

चाळणी म्हणजे निदान नव्हे

लक्षणे सांगण्याची वाट न पाहता सर्वच स्त्रियांना ठराविक प्रश्न विचारून, ज्यांना अधिक तपासणीची गरज आहे त्यांना वेगळे काढणे, याला चाळणी म्हणावे. आपल्या दृष्टीने ही प्रश्नपरीक्षाच आहे. फक्त तिचे शब्द व क्रम ठरवून दिलेले आहेत, जेणेकरून वैद्याच्या घाईगर्दीत काही सुटू नये.

यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे एडिनबरा पोस्टनेटल डिप्रेशन स्केल. कॉक्स, होल्डन व सॅगोव्स्की यांनी ते १९८७ साली प्रसिद्ध केले. यात दहा प्रश्न असून ते गेल्या सात दिवसांविषयी आहेत. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण गुण तीस. हसू येणे, पुढच्या दिवसांची ओढ वाटणे, स्वतःला दोष देणे, चिंता, भीती, कामाचा भार न पेलणे, दुःखामुळे झोप न लागणे, उदासी, रडू येणे आणि स्वतःला इजा करण्याचा विचार, असा प्रश्नांचा रोख आहे.

या साधनाची खुबी समजून घेण्यासारखी आहे. नैराश्याच्या सर्वसाधारण प्रश्नावल्यांत थकवा, भूक, झोप, वजन यांना बरेच गुण असतात. पण नुकत्याच बाळंत झालेल्या प्रत्येक स्त्रीला थकवा असतोच आणि रात्री उठावेच लागते. तेथे अशी प्रश्नावली निरोगी स्त्रीलाही रोगी ठरवील. म्हणून या साधनाने शारीरिक लक्षणे जवळजवळ वगळली आणि झोपेचा प्रश्नही ‘दुःखामुळे झोप लागत नाही का’ अशा रीतीने विचारला. आपणही हाच विवेक करावा. ‘झोप लागते का?’ असे न विचारता ‘बाळ झोपल्यावर तरी झोप लागते का?’ असे विचारावे. उत्तर पूर्णपणे बदलते.

सामान्यतः १० वा अधिक गुण असल्यास अधिक चौकशी करावी आणि १३ वा अधिक असल्यास नैराश्याची शक्यता बरीच समजावी, असा संकेत आहे. तथापि ही सीमारेषा भाषेनुसार व समाजानुसार सरकते. मराठी प्रश्नावली वापरताना ती शास्त्रीय पद्धतीने पडताळलेली आहे ना, हे पाहावे. दवाखान्यात बसून स्वतःच भाषांतर करू नये. ज्या मातेला वाचता येत नाही, तिला प्रश्न वाचून दाखवावेत, मात्र उत्तर सुचवू नये.

गुण आणि निदान यांतील अंतर एका हिशेबाने स्पष्ट होईल. २०२० साली अनेक देशांतील अभ्यासांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात ११ ही सीमारेषा धरल्यास हे साधन आजारी स्त्रियांपैकी सुमारे ८१ टक्क्यांना ओळखते आणि निरोगी स्त्रियांपैकी सुमारे ८८ टक्क्यांना निरोगी ठरविते, असे आढळले. समजा, आपण शंभर माता तपासल्या आणि त्यांत खरोखर आजारी वीस आहेत. त्यांपैकी सोळा सापडतील, चार निसटतील. उरलेल्या ऐंशी निरोगी मातांपैकी सुमारे दहा जणींचे गुणही अधिक येतील. म्हणजे ज्या सव्वीस जणींचे गुण अधिक आले, त्यांतील दहा जणी आजारी नाहीत. म्हणून ‘तुम्हाला डिप्रेशन आहे’ असे गुण पाहून सांगणे चूक. तसेच गुण कमी आले म्हणून घरच्यांची काळजी उडवून लावणेही चूक. निसटलेल्या चारही आपल्याच रुग्णा आहेत.

गर्दीच्या दवाखान्यात दहा प्रश्नांना वेळ नसेल तर दोन प्रश्नांपासून प्रारंभ करावा. हे दोन प्रश्न १९९७ सालापासून प्रचारात असून ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेनेही गर्भिणी व सूतिकांसाठी ते सुचविले आहेत. त्यांचा आशय आपल्या बोलीत असा मांडता येईल :

१. गेल्या महिनाभरात मन उदास, खचलेले किंवा निराश राहते का?

२. एरवी ज्या गोष्टींत जीव रमायचा, त्यांत आता रस वाटेनासा झाला आहे का?

दोहोंपैकी एकाचे जरी उत्तर ‘हो’ आले, तरी पूर्ण प्रश्नावली व सविस्तर चौकशी करावी.

केव्हा आणि कसे विचारावे?

गर्भिणीच्या पहिल्या भेटीत व शेवटच्या तीन महिन्यांत एकदा, प्रसूतीनंतर सहाव्या आठवड्याच्या सुमारास, आणि पुन्हा तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान विचारावे. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांतील लसीकरणाच्या निमित्ताने आई घराबाहेर पडतेच. त्या दिवसांशी सांगड घातल्यास वेगळी भेट मागावी लागत नाही.

आपल्याकडे एक अडचण विशेष आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते आणि काही महिन्यांनी मुलगी सासरी जाते. ज्या वैद्याने तिला गर्भिणी असताना पाहिले तो एका गावी, ज्याने सव्वा महिना पाहिले तो दुसऱ्या गावी, आणि नैराश्य डोके वर काढते तेव्हा ती सासरी, नव्या जबाबदाऱ्यांत. सोबत कोणाचाही कागद नसतो. म्हणून माहेरच्या वैद्याने सासरी जाणाऱ्या मातेच्या हाती प्रकृती, औषधे व पुढील तपासणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी द्यावी. मनाविषयीची नोंद मात्र तिच्या संमतीशिवाय अशा कागदावर लिहू नये. तो कागद घरातील सर्वजण वाचतात.

दुसरी अडचण एकांताची. सासूबाईंच्या समोर ‘मन लागते का?’ असे विचारल्यास ‘हो, सगळे चांगले आहे’ याखेरीज उत्तर येणार नाही. स्त्री परिचारिकेच्या उपस्थितीत उदरपरीक्षणासाठी आत घेताना, किंवा सोबतच्या नातलगास औषध घेण्यास पाठवून, पाच मिनिटांचा एकांत सहज निर्माण करता येतो. ‘बाळंतपणानंतर अनेकींचे मन थोडे बिघडते, म्हणून आम्ही सगळ्यांनाच हे विचारतो,’ अशी प्रस्तावना केली की संकोच उतरतो. ‘बाळ किती गोड आहे, आता कसली चिंता!’ असे बोलू नये. त्या एका वाक्याने तिचे तोंड कायमचे बंद होते.

ज्या घरी पाळणा रिकामा राहिला, त्या मातेचाही विसर पडू नये. मृतजन्म किंवा अर्भकमृत्यू झालेली माता स्तन्याची तक्रार घेऊन येत नाही, लसीकरणालाही येत नाही. तिची चौकशी आपणहून करावी लागते. ऊसतोडीसाठी टोळीबरोबर गेलेली, बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत कामावर उभी राहिलेली माताही अशीच नजरेआड राहते.

मरणाच्या विचाराविषयीचा प्रश्न विचारण्यास अनेक वैद्य कचरतात. विचारल्याने तो विचार मनात रुजेल, ही भीती निराधार आहे. उलट कोणी तरी स्पष्टपणे विचारल्याने स्त्रीला हायसे वाटते. एकूण गुण कितीही कमी असले, तरी या एका प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आल्यास त्याच दिवशी सविस्तर चौकशी व कृती करावी.

उत्तर आल्यानंतर

पुढील सोय नसताना चाळणी करणे म्हणजे जखम उघडून तशीच सोडणे होय. अमेरिकेतील तज्ज्ञसमितीनेही २०१६ साली गर्भिणी व सूतिकांच्या चाळणीची शिफारस करताना अचूक निदान, उपचार व पाठपुरावा यांची व्यवस्था असावी, अशी अट घातली होती. म्हणून पहिला प्रश्न विचारण्यापूर्वी प्रत्येक वैद्याने जवळच्या मनोविकारतज्ज्ञांचे नाव, जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाचा दिवस व वेळ, आणि केंद्र शासनाच्या ‘टेलि-मानस’ या निःशुल्क सेवेचा १४४१६ हा क्रमांक टेबलाच्या काचेखाली लावून ठेवावा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या या सेवेवर मराठीतून बोलता येते.

सौम्य अवस्थेत आपल्या शास्त्राजवळ देण्यासारखे बरेच आहे. अभ्यंग, उष्णोदक स्नान, अग्नी पाहून स्निग्ध लघु आहार, दिवसातून सलग चार-पाच तास झोप मिळावी म्हणून रात्रीचे एक दूध पाजणे सोडून बाकी काम घरच्यांनी उचलणे, आणि सत्त्वावजय. सत्त्वावजय म्हणजे उपदेश नव्हे. ऐकून घेणे, धीर देणे, विचारांना हळूहळू वळण लावणे हा त्याचा गाभा. याला आधुनिक अभ्यासांचाही आधार आहे. स्कॉटलंडमध्ये घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकांनी आठ आठवडे, आठवड्यातून एकदा मातांचे बोलणे शांतपणे ऐकले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २६ पैकी १८ माता बऱ्या झाल्या, तर नेहमीचीच सेवा मिळालेल्या २४ पैकी ९. पाकिस्तानातील रावळपिंडीनजीकच्या खेड्यांतही स्थानिक आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन असाच प्रयोग झाला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा सेवा मिळालेल्या मातांपैकी २३ टक्के, तर इतरांपैकी ५३ टक्के माता नैराश्यग्रस्त होत्या. ऐकून घेण्यासाठी मोठी पदवी लागत नाही. शिस्त व सातत्य लागते. अशा रुग्णेला दोन आठवड्यांनी पुन्हा बोलवावे आणि प्रश्नावली पुन्हा भरून घ्यावी.

मध्यम व तीव्र अवस्थेत, तसेच दोन-तीन आठवड्यांत उपशय न मिळाल्यास, मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविण्यास विलंब करू नये. ब्राह्मी, जटामांसी, अश्वगंधा यांच्या भरवशावर अशी माता सांभाळावी, असा पुरावा आज आपल्याजवळ नाही. पाठविणे म्हणजे रुग्णा गमावणे नव्हे. सूतिका-परिचर्या आपल्याकडेच चालू राहू शकते. सर्ट्रालीनसारखी काही औषधे स्तनपानाच्या काळातही वापरता येतात, त्यांचा दुधातून बाळाकडे जाणारा अंश अत्यल्प असतो. म्हणून ‘दूध पाजतेस, तर ती गोळी बंद कर’ असा सल्ला आपण चुकूनही देऊ नये. रुग्णालयात दाखल करण्याची वेळ आली तर बाळाची ताटातूट होईल, या भीतीने कुटुंबे मागे हटतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार तीन वर्षांखालील मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सामान्यतः वेगळे करता येत नाही, हे त्यांना आवर्जून सांगावे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तर माता व बाळ यांना एकत्र ठेवणारा स्वतंत्र कक्ष २००९ पासून आहे.

औषध विक्रेत्यांसाठी चार शब्द

बाळंतकाढा, शतावरी कल्प, डिंक, अळीव, बाळगुटीचे साहित्य नेण्यासाठी घरातील कोणी ना कोणी आपल्या दुकानी वारंवार येते. वैद्याच्या आधी आपल्याला सुगावा लागू शकतो. प्रश्नावली भरण्याची जागा दुकानाचा काउंटर नव्हे. गिऱ्हाइकांच्या गर्दीत असे प्रश्न विचारूही नयेत. परंतु दूध वाढविण्याचे औषध तिसऱ्यांदा नेले जात आहे, किंवा बाळंतिणीसाठी झोपेचे औषध मागितले जात आहे, असे दिसल्यास ‘बाळंतिणीला एकदा वैद्यांना दाखवून घ्या’ एवढे सांगणे आपल्या हाती आहे.

येथे सर्पगंधेविषयी सावध करणे आम्ही कर्तव्य समजतो. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिचा उपयोग जगापुढे मांडला. पुढे तिच्यातील रिसर्पिन या घटकामुळे काही रुग्णांमध्ये विषण्णता उत्पन्न होते, असेही आढळून आले. हा घटक दुधातूनही उतरतो. निद्रानाश म्हणून सूतिकेला सर्पगंधेच्या वटी चिठ्ठीशिवाय देणे म्हणजे जो व्याधी ओळखायचा, तोच वाढविणे ठरू शकते. त्याचप्रमाणे अरिष्टांत स्वयंनिर्मित मद्यार्क असतो. मानसोपचाराच्या गोळ्या चालू असलेल्या मातेस दशमूलारिष्ट देण्यापूर्वी तिच्या वैद्यांना विचारावे. १४४१६ हा क्रमांक लिहिलेली छोटी पाटी काउंटरवर लावण्यास काहीच खर्च येत नाही.

समारोप

दशविध परीक्षेत सत्त्वपरीक्षा सांगितलेली आहेच. ती विद्यार्थिदशेत आपण पाठ केली. दवाखान्यात मात्र अनेकदा तिचा रकाना कोरा राहिला. आमच्या केसपेपरवर आता सूतिकेसाठी दोन ओळी छापून घेतल्या आहेत. पहिल्या ओळीत वर दिलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे, दुसऱ्या ओळीत पुढील तपासणीची तारीख. त्या दोन ओळी भरल्याशिवाय शतावरी कल्पाची चिठ्ठी द्यायची नाही, एवढा नियम आम्ही स्वतःला घालून घेतला आहे. वाचक वैद्यांनी व औषध विक्रेत्यांनी आपापल्या ठिकाणी असा एखादा नियम करावा आणि त्याचे अनुभव या त्रैमासिकाकडे अवश्य लिहून पाठवावेत. प्रत्येक बाळंतिणीची आई दारात थांबून बोलतेच असे नाही.